अंजनवेलचे कर्ज

दाभोळ वीज कंपनीचा दाभोळशी संबंध नावापुरताच. वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तर काठावर, दापोली तालुक्यात, दाभोळ हे जुने बंदर. प्रकल्प मात्र उभा राहिला खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या सड्यावर, गोपाळगडाच्या शेजारी. मराठी माणसाच्या तोंडी त्याचे नाव ना दाभोळ, ना अंजनवेल. सगळे म्हणत ‘एन्रॉन’. त्या नावाभोवती राजकारणाच्या इतक्या कहाण्या जमल्या, की मूळ गोष्ट कर्जाची होती हे मागे पडले. कोणी किती पैसे घातले, कोणाच्या भरवशावर घातले, आणि शेवटी ते कोणाचे बुडाले, एवढाच धागा धरून ही तीस वर्षे पुन्हा पाहता येतात. मला तरी तो धागा भ्रष्टाचाराच्या चर्चेपेक्षा जास्त सांगणारा वाटतो.

१९९१ साली देशाने सोने गहाण टाकले. परकीय चलन जेमतेम काही आठवडे पुरेल एवढे उरले होते. वीज मंडळांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या आणि विजेचा तुटवडा तर नेहमीचाच. त्यामुळे वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी भांडवलाला खुली करायची, असे नरसिंह राव सरकारने ठरवले. १९९२ च्या उन्हाळ्यात अधिकाऱ्यांचे एक शिष्टमंडळ अमेरिकेत गुंतवणूकदार शोधत फिरले. टेक्सासमधल्या ह्यूस्टनची एन्रॉन त्यातूनच पुढे आली. जूनमध्ये कंपनीची माणसे मुंबईत आली आणि काही दिवसांतच, २० जून १९९२ रोजी, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. निविदा निघाली नाही. दोन हजार मेगावॉटच्या वर क्षमता, कतारहून जहाजाने आणायचा द्रवरूप नैसर्गिक वायू आणि जवळजवळ तीन अब्ज डॉलर खर्च. तोवरची भारतातली ती सगळ्यात मोठी परदेशी गुंतवणूक ठरणार होती. भागभांडवलात एन्रॉनचे ८० टक्के आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचे दहा-दहा टक्के. गंमत अशी की टर्बाइन जनरल इलेक्ट्रिकची आणि बांधकाम बेक्टेलचे. म्हणजे या दोघांना प्रकल्पाचा नफा पुढे मिळो न मिळो, यंत्रांचे आणि बांधकामाचे पैसे आधीच मिळणार होते.

जागतिक बँकेने १९९३ च्या एप्रिलमध्ये या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. एवढी मोठी क्षमता चोवीस तास चालवण्याइतकी मागणी राज्यात नाही, आणि आयात वायूची वीज देशी कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल, ही तिची कारणे. दोन्ही पुढे शब्दशः खरी ठरली. पण त्या नकाराने काही थांबले नाही. शरद पवार मुख्यमंत्री असताना, ८ डिसेंबर १९९३ रोजी, वीज खरेदी करारावर सह्या झाल्या.

जड उद्योगातले कर्ज कसे उभे राहते, हे इथे थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघते. अशा प्रकल्पाला बँका कर्ज देतात ते एन्रॉनसारख्या मूळ कंपनीच्या पतीवर नव्हे. त्यासाठी वेगळी कंपनी काढली जाते. इथे ती दाभोळ पॉवर कंपनी. कर्ज फेडायचे ते तिच्या उत्पन्नातून. मूळ मालकाने घातलेले भांडवल बुडाले तर बुडाले, पण त्यापलीकडे त्याच्या घरादाराला हात लावता येत नाही. मग कर्जदात्याने पैसे कशाच्या जोरावर द्यायचे? टर्बाइन उचलून बाजारात विकायला नेता येत नाही. समुद्रात बांधलेल्या जेट्टीला गिऱ्हाईक नसते. म्हणून कर्जदाता कागद पाहतो. वीज कोण घेणार, किती वर्षे, कोणत्या दराने, आणि त्याने पैसे दिले नाहीत तर कोण देणार? दाभोळची खरी मालमत्ता टर्बाइन नव्हती. ती होती हा करार.

आणि करार भक्कम होता. वीस वर्षे मंडळाने वीज घ्यायची. घेतली नाही तरी प्रकल्प तयार असल्याबद्दल ठरलेला क्षमता आकार द्यायचा. दर डॉलरशी बांधलेला, इंधनाचा खर्च जसाच्या तसा मंडळाकडे. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी. राज्याने हात वर केले तर केंद्राची प्रतिहमी. त्यावर लेटर ऑफ क्रेडिट आणि एस्क्रो खाते, म्हणजे ठरावीक भागातल्या ग्राहकांची बिले जमा होताच आधी दाभोळचे देणे वळते करायचे. परदेशी भांडवलाला राजकीय जोखमीचा विमा अमेरिकेच्या ओपिक या सरकारी संस्थेचा. अमेरिकेच्या एक्झिम बँकेने कर्ज दिले, त्याला आयडीबीआयच्या पुढाकाराने भारतीय वित्तसंस्थांनीच हमी दिली. बँक ऑफ अमेरिका आणि एबीएन अॅम्रोच्या पुढाकाराने आणखी परदेशी कर्ज आले. एकावर एक इतक्या हम्या रचल्या, की महाराष्ट्राला ही वीज परवडेल का, हा प्रश्न विचारायचे व्यावसायिक कारण त्यातल्या कोणालाच उरले नाही. प्रत्येकाची जोखीम दुसऱ्या कोणावर तरी टाकलेली होती. उतरंडीच्या तळाशी होते वीज मंडळ, आणि त्याच्या बिलाचे पैसे सांगलीचा शेतकरी किंवा भिवंडीचा यंत्रमागवाला देतो का, यावर सगळे उभे होते.

१९९५ ची विधानसभा निवडणूक शिवसेना-भाजप युतीने ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ या घोषणेवर लढवली. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने कराराची चिरफाड केली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी जोशींनी दुसरा टप्पा रद्द आणि पहिला थांबवला, असे विधानसभेत जाहीर केले. काम बंद पडले. एन्रॉनने लंडनमध्ये लवादाचा दावा ठोकला. बांधकाम थांबल्यामुळे रोज अडीच लाख डॉलर तोटा होतो, असे कंपनी सांगत होती. आकडा ताणलेला असेलही, पण मुद्दा खरा. अशा उद्योगात बांधकाम थांबते, व्याज थांबत नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. मग नव्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि दोनेक आठवड्यांत आटोपल्या. २ रुपये ४० पैशांचा दर १ रुपया ८९ पैशांवर आला, प्रकल्पखर्च कमी झाला, असे सांगितले गेले. पण कपातीचा मोठा भाग असा, की वायूच्या साठ्याची आणि तो पुन्हा वायुरूप करण्याची यंत्रणा प्रकल्पखर्चातून काढून इंधनखर्चाकडे सरकवली. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने आणि अभय मेहतांसारख्या अभ्यासकांनी हे तेव्हाच आकडे मांडून दाखवले. रद्द झालेला दुसरा टप्पा या सौद्यात परत आला, तोही आधीपेक्षा मोठा. एकूण क्षमता २,०१५ वरून २,१८४ मेगावॉटवर गेली. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा, आणि वायू येईपर्यंत नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर चालायचा. सीटू या कामगार संघटनेची कराराविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने, मे १९९६ मध्ये, जाता जाता प्रतिहमीला पुन्हा मंजुरी दिली. विरोध करणारे आणि मान्यता देणारे पक्ष बदलत राहिले, करार मात्र आपल्या जागी राहिला. विरोध खरा उरला तो गावांत. वेलदूरच्या कोळणींना ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी घरातून ओढून नेले. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढला.

पहिला टप्पा १३ मे १९९९ रोजी व्यावसायिक पातळीवर सुरू झाला. त्याच महिन्यात दुसऱ्या टप्प्याचे कर्ज पक्के झाले. माझ्या मते संपूर्ण कहाणीतली सगळ्यात महत्त्वाची तारीख ही, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले गेले. दुसऱ्या टप्प्याला केंद्राची प्रतिहमी नव्हती. परदेशी बँकांनी त्यांच्या वाट्याला जमेल तेवढे संरक्षण मिळवले. आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय, आयएफसीआय, कॅनरा बँक यांनी मात्र रुपयांतले कर्ज आणि परदेशी कर्जाच्या हम्या असे दोन्ही अंगावर घेतले. म्हणजे ज्यांची ठेव भारतीय, त्यांच्याच जोखमीला कमी पांघरूण. मंडळाने स्वतःही १९९८ मध्ये ३० टक्के भाग घेऊन मालकांत नाव नोंदवले होते. त्यामुळे ते ग्राहकही होते, भागधारकही, आणि बिल थकले तर देणेकरीही.

आता त्या बिलाचा हिशोब. क्षमता आकार महिन्याला सुमारे ९५ कोटी रुपये, वीज घ्या वा न घ्या. ७४० मेगावॉटचा संच महिनाभर नव्वद टक्के चालला तर ढोबळमानाने ४८ कोटी युनिट वीज मिळते. मग युनिटमागे हा आकार दोन रुपयांच्या आत बसतो. पण संच एक तृतीयांशच चालवला, तर वीज मिळते साडेसतरा कोटी युनिट आणि तोच आकार साडेपाच रुपयांच्या जवळ जातो. मंगल कार्यालयाचे भाडे पाचशे पाहुणे आले काय आणि पन्नास आले काय, तेवढेच असते, तसे हे. इंधन वेगळे. १९९९ च्या सुरुवातीला कच्चे तेल पिंपाला दहा-बारा डॉलर होते, २००० मध्ये तीसच्या वर गेले, आणि नाफ्था त्याच्या पाठोपाठ. १९९३ मध्ये डॉलर ३१ रुपयांचा होता, २००१ मध्ये ४६ च्या पुढे. स्वस्त वीज आधी घ्यायची या नियमाने मंडळ दाभोळची महाग वीज शेवटी घेई, म्हणजे कमी घेई. कमी घेतली की युनिटचा दर चढे. दर चढला की आणखी कमी घेई. २००० च्या उत्तरार्धात काही महिन्यांत हा दर सात रुपयांच्या पुढे गेला. मंडळाच्या स्वतःच्या औष्णिक केंद्रांची वीज त्याच्या निम्म्याहूनही स्वस्त होती.

मंडळ तरी कुठून देणार? शेतीपंपांची वीज मीटरशिवाय, आणि गळती-चोरीचा आकडा वर्षानुवर्षे कमी दाखवलेला. नवीन वीज नियामक आयोगाने २००० मध्ये हिशोब तपासला तेव्हा ही हानी तीस टक्क्यांच्या आसपास निघाली. उद्योगांवर जादा दर लावून शेतीचा भार पेलायचा, तर उद्योग स्वतःची वीज निर्माण करू लागले. दुसरा टप्पा आला असता तर दाभोळची क्षमता तिप्पट झाली असती, आणि क्षमता आकारही त्याच पटीत वाढला असता.

२००० च्या अखेरीस बिले थकली. दाभोळ कंपनीने आधी राज्याची हमी आणि फेब्रुवारी २००१ मध्ये केंद्राची प्रतिहमी वठवायची नोटीस दिली. मंडळाने वेगळीच चाल केली. करारात म्हटले होते, की बंद संच तीन तासांत पूर्ण क्षमतेवर आला पाहिजे. २८ जानेवारी २००१ रोजी मंडळाने तशी मागणी केली. संच वेळेत पोचला नाही. मंडळाने करारातल्याच कलमावर बोट ठेवून ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला आणि थकबाकी त्यातून वळती करून घ्या म्हटले. ज्या करारात मंडळाची बाजू लंगडी म्हणून वर्षानुवर्षे ओरड झाली, त्यातल्या एका तांत्रिक कलमाने कंपनीची झोप उडवली. मंडळाचे अभियंते त्या दिवशी खूश झाले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

विलासराव देशमुख सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दीपक पारेख, किरीट पारिख, आर. के. पचौरी, ई. ए. एस. सर्मा हे तिचे सदस्य. एप्रिल २००१ मध्ये अहवाल आला. त्यात सरकारी यंत्रणेवर कडक ताशेरे होतेच, पण माझ्या दृष्टीने त्यातला आर्थिक भाग जास्त मोलाचा. दर डॉलरपासून तोडा, कर्जाची पुनर्रचना करा, नफ्याची अपेक्षा कमी करा, आणि वायूचे टर्मिनल प्रकल्पापासून वेगळे काढा. वर्षाला पन्नास लाख टनांचे ते टर्मिनल वीजकेंद्राच्या गरजेच्या दुपटीहून मोठे होते, आणि त्याचा भार मंडळाच्या बिलात टाकलेला होता.

पुनर्रचनेचा अर्थ साधा असतो: तोटा झाला आहे, तो कोणी किती सोसायचा ते ठरवणे. पण एप्रिल २००१ मध्ये लंडनला कर्जदात्यांची बैठक झाली, तेव्हा टेबलाभोवतीच्या लोकांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध उभे होते. करार रद्द केला तर परदेशी मंडळींना विमा आणि हम्या वठवता येत होत्या. भारतीय संस्थांना नाही. त्यांच्यासाठी करार रद्द म्हणजे वीज नाही, उत्पन्न नाही, आणि कोकणच्या किनाऱ्यावर यंत्रांचा ढीग. आयडीबीआयने रद्द करण्याच्या नोटिशीला विरोध केला. दाभोळच्या संचालक मंडळाने तरी ती देण्याचा अधिकार घेतला. १९ मे रोजी प्राथमिक नोटीस गेली. २३ मे रोजी वीज मंडळानेही आपल्या बाजूने करार मोडला. २९ मे २००१ रोजी संच बंद पडला. दुसरा टप्पा नव्वद टक्के बांधून झाला होता. जूनमध्ये बेक्टेलने तेही काम थांबवले. वायूच्या जहाजांसाठी समुद्रात बांधायचा लाटारोधक बंधारा अर्धवटच राहिला.

डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोर झाली. इथल्या लोकांना वाटले, दाभोळने एन्रॉनला बुडवले. खरे तर तिची हिशोबातली लबाडी मोठी होती, दाभोळ त्यातला एक तुकडा. पण मालकच नाहीसा झाल्याने अंजनवेलचा प्रश्न उलट चिघळला. वाटाघाटी करायच्या तर कोणाशी? टाटा पॉवर, बीएसईएस यांनी प्रकल्प पाहिला. कर्ज कापल्याशिवाय घेण्याजोगे काही नव्हते, आणि कर्ज कापायला कोणी तयार नव्हते. उच्च न्यायालयाने रिसीव्हर नेमला. खारट हवेत टर्बाइन पाच वर्षे उभी राहिली. भारतीय वित्तसंस्थांचे सहा हजार कोटींहून अधिक त्यात अडकले होते. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी मात्र दिवाळखोर एन्रॉनचा हिस्सा नगण्य किमतीत उचलला, लवादाचे दावे चालू ठेवले, आणि २००५ मध्ये तडजोड केली. बेक्टेलला १६ कोटी डॉलर आणि जनरल इलेक्ट्रिकला साडेचौदा कोटी. परदेशी बँकांचे कर्ज भारतीय संस्थांनीच विकत घेतले. म्हणजे सरतेशेवटी सगळी जोखीम १९९३ मध्ये जिथे दिसत होती तिथे नव्हे, तर आपल्या ठेवी घेणाऱ्या बँकांच्या वहीत येऊन बसली.

जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघाली. एनटीपीसी, गेल, वित्तसंस्था आणि राज्य, असे तिचे मालक. त्याच वर्षी वीज मंडळाचेही चार तुकडे झाले, आणि वीज विकत घेण्याचे काम त्यातल्या महावितरणकडे आले. नव्या कंपनीने १,९६७ मेगावॉटची क्षमता उभी केली, पण जुनी टर्बाइन वारंवार बिघडत राहिली. २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू मिळू लागला, तेव्हा प्रकल्प खरोखर चालला. चार वर्षांत तो वायूही आटला. आयात वायूची वीज महावितरणने घ्यायला नकार दिला आणि स्थिर आकारही, म्हणजे पूर्वीचा क्षमता आकार, थांबवला. कर्ज पुन्हा थकले, बँकांनी पुन्हा पुनर्रचना केली. २०१५ च्या अखेरीपासून रेल्वे पाचशे मेगावॉट घेऊ लागली, तेवढ्यावर कसाबसा निभाव. टर्मिनल २०१८ मध्ये वेगळे होऊन कोकण एलएनजी या नावाने उभे राहिले. गोडबोले समितीने तेच सुचवून सतरा वर्षे झाली होती. २०२१ पर्यंत वीजकेंद्र एनटीपीसीकडे आणि टर्मिनल गेलकडे, अशी विभागणी झाली, आणि बँकांनी उरलेल्या कर्जावर तडजोड करून वही मिटवली.

महावितरणचा वाद मात्र चालूच राहिला. देशी वायू नाही म्हणून कंपनीने आयात वायूवर क्षमता जाहीर केली. त्यासाठी आमची संमती घेतली नाही, मग न घेतलेल्या विजेचे पैसे आम्ही का द्यायचे, असे महावितरणचे म्हणणे. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१३ मध्ये आणि अपिलीय प्राधिकरणाने २०१५ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले. क्षमता तयार होती, म्हणून स्थिर आकार द्यावा लागेल, वीज घेतलेली नसली तरी.